कामाची वेळ संपल्यानंतरचा फोन : सुप्रिया सुळे यांच्या विधेयकाचा परिचय

शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५ रोजी लोकसभेत बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनी एक विधेयक मांडले. कामाची ठरलेली वेळ संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी कार्यालयातून येणारे फोन व ई-मेल यांना उत्तर न देण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळावा, अशी तरतूद त्यात सुचविण्यात आली आहे. वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळकपणे दिली आणि ‘आता कायदा आला’ असा काहींचा समज झाला. तो समज बरोबर नाही. म्हणूनच या विधेयकात काय आहे आणि त्याचे पुढे काय होऊ शकते हे समजून घेणे आवश्यक आहे.

हा विषय त्यांनी प्रथमच हाती घेतलेला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, सोळाव्या लोकसभेत, त्यांनी याच आशयाचे विधेयक मांडले होते. मे २०१९ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि नियमानुसार विधेयकही व्यपगत झाले. त्यानंतर कोरोनाचा काळ आला, लक्षावधी लोकांचे घर हेच कार्यालय बनले आणि जो प्रश्न २०१८ साली काहींना थोडा चैनीचा वाटला होता, तो घरोघरी येऊन बसला.

विधेयकानुसार कर्मचारी कल्याण प्राधिकरण स्थापन व्हावे, कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काच्या अटी मालक व कर्मचारी यांनी परस्पर चर्चेने ठरवाव्यात, फोन न घेतल्याबद्दल कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये आणि तरतुदी न पाळणाऱ्या संस्थेला तिच्या कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड व्हावा. याचा अर्थ सायंकाळी फोन करण्यास सरसकट बंदी, असा मात्र नाही. फोन येऊ शकतो. तो न घेतल्याबद्दल शिक्षा होऊ नये, एवढेच म्हणणे आहे. रुग्णालयातील परिचारिका किंवा परदेशी ग्राहकांसाठी रात्री काम करणारे तरुण यांचे काय, असा आक्षेप घेतला जातो व तो रास्त आहे. सर्वांना एकच नियम न लावता चर्चेचा मार्ग ठेवण्यामागे हेच कारण असावे. परंतु जिथे संघटना नाही तिथे एकटा कर्मचारी मालकाशी कसली चर्चा करणार? आमच्या मते विधेयकाची खरी कसोटी इथेच आहे.

फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना याविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना, व एका वर्षाने लहान आस्थापनांतील कर्मचाऱ्यांनाही, असा हक्क मिळाला. मात्र नकार अवाजवी असता कामा नये, अशी तेथे अट आहे.

आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपल्या सुप्रसिद्ध परिपत्रकात विश्रांतीचा व रविवार पाळण्याचा हक्क आग्रहाने मांडला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हे सारे कायदे तास मोजतात, कारण गिरणीचा भोंगा झाला की काम संपत असे. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारा आणि रात्री घरी परतणारा आजचा नोकरदार गाडीत, जेवणाच्या ताटावर आणि रविवारी मिस्साहून परतताना मोबाईलवर जे काम करतो, ते कोणत्याच हजेरीपटात येत नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास मान्यता दिली. दोन्ही बातम्या तीन महिन्यांच्या अंतराने याव्यात, हे बोलके आहे.

त्याच सुमारास श्रीमती सुळे यांनी आणखी दोन विधेयके मांडली. एक वडिलांना बाळाच्या जन्मानंतर पगारी रजा मिळावी यासाठी आहे. मातांना २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. खासगी क्षेत्रातील वडिलांसाठी मात्र देशभर लागू असा कायदा नाही. दुसरे विधेयक घरपोच सेवा देणाऱ्या व ॲपवर चालणाऱ्या कामगारांना किमान वेतन, कामाचे निश्चित तास आणि सामाजिक सुरक्षा मिळावी, असे सुचविते.

आता ही विधेयके मंजूर होतील का? मंत्री नसलेला कोणताही खासदार जे विधेयक मांडतो त्याला खासगी सदस्याचे विधेयक म्हणतात. त्यासाठी बहुधा शुक्रवारचे अडीच तास राखून ठेवलेले असतात आणि कोणते आधी चर्चेला यावे हे सोडतीने ठरते. १९५२ पासून आजवर अशी केवळ १४ विधेयके कायदा होऊ शकली. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारे फिरोज गांधी यांचे १९५६ चे विधेयक त्यांपैकीच एक. शेवटचे १९७० साली मंजूर झाले.

तरीही हा मार्ग निष्फळ म्हणता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते पुढे सरकले नाही, परंतु त्या विषयावर सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ मध्ये कायदा झाला. अर्थात तो शिवा यांच्या मसुद्याप्रमाणे नव्हता आणि ज्यांच्यासाठी केला त्यांपैकी अनेकांनी त्याला विरोधही केला. सुळे यांच्या विधेयकाला या लोकसभेच्या कार्यकाळात चर्चेची संधी मिळाली नाही तर २०१९ प्रमाणे तेही व्यपगत होईल, आणि कोणा खासदाराला ते तिसऱ्यांदा मांडावे लागेल.