फिल्टर अस्सल आहे का?

भिलाईत उभ्या गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवा, धूळ लागतेच. एअर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ शेवटी इंजिन ऑइलमध्ये उतरते. तिथे तिला अडवतो ऑइल फिल्टर. 1923 साली अमेरिकेत ‘प्युरोलेटर’ नावाने तो तयार झाला. हा ब्रँड आपल्याकडेही मिळतो. बॉश, एलोफिकही मिळतात. यांतला कोणताही, आपल्याच मॉडेलच्या पार्ट नंबरचा आणि अस्सल असेल, तर खुशाल लावा. धास्ती नकलीची आहे. भिलाईच्या सुपेला किंवा पॉवर हाउस बाजारात घेताना खोका उघडून बघाच. डबीसारख्या फिल्टरच्या कडेच्या छिद्रांतून आत डोकावा: बहुतेकांत मऊ रबरी पडदा दिसतो. इंजिन बंद असताना तो फिल्टरमधलं ऑइल परत निथळू देत नाही. फिल्टर आडवा बसत असेल आणि पडदा कडक किंवा गायब असेल, तर सकाळी स्टार्टरला काही क्षण इंजिन कोरडंच खडखडतं. बसवताना रबरी रिंगला ऑइलचं बोट लावा. ती टेकली की साधारण पाऊण फेरा, हातानेच. पाना लावू देऊ नका. आणि पक्कं बिल घ्या.