तांब्याभर पाण्यातली दाढी

दाढीचा महागडा रेझर घ्यावा की स्वस्त, याचा फैसला लातूरच्या गंजगोलाईत उभे असलेले गिऱ्हाईक बहुधा वेष्टनावर छापलेल्या पात्यांच्या संख्येवरून करते. वास्तविक चौकशी करावयास हवी ती घरच्या पाण्याची. तीन किंवा पाच पाती लागोपाठ बसविली म्हणजे त्यांमधील फट इतकी अरुंद होते की फेस व केस तीत रुतून बसतात, आणि नळाच्या वाहत्या धारेखाली धरल्यावाचून ते सहसा निघत नाहीत. खुद्द जिलेट कंपनीस हे उमगावयास काही काळ जावा लागला. भारताकरिता योजिलेल्या एका रेझरची परीक्षा तिने अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करविली. त्यांना तो पसंत पडला, कारण त्यांच्या न्हाणीघरात नळ होता, आणि तोच जिन्नस इकडे पेल्यातल्या पाण्यात खळबळला गेला तेव्हा केसांनी तुंबला. पुढे २०१० साली एकाच पात्याचा, पोकळ हलक्या मुठीचा आणि चटकन धुतला जाणारा ‘गार्ड’ १५ रुपयांस निघाला. त्याचे बदली पाते ५ रुपयांस मिळे. ज्या लातुरात १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी आगगाडीने आणावे लागले, तेथे अशा रेझरची स्वस्ताई हा त्याचा दुय्यम गुण मानावा लागेल.

धार तर कोणाचीच कायम नसते. पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केसही पात्याच्या कडेचे कपचे उडवितो, असे त्याच एमआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाखविले. दाढी आधी नीट भिजवून केस मऊ करणे, हा उपाय मात्र बिनखर्ची आहे.

महागड्याच्या पदरी काहीच पुण्य नाही, असे नव्हे: त्याचे हलते डोके हनुवटीच्या वळणावर आपोआप वळते आणि दाब अनेक पात्यांत वाटला जातो, त्यामुळे नवशिक्यास किंवा हात कापणाऱ्या वृद्धास तो पैसा वसूल होतो. कुरळ्या, राठ दाढीच्या माणसाने मात्र जपावे. अनेक पाती केस ओढून त्वचेच्या खाली कापतात, आणि तो आतल्या आत वाढून पुळी उठते.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यास येणाऱ्या केशधारी यात्रेकरूस हा सारा जमाखर्च माफ आहे. इतरांनी धातूच्या मुठीचा जुना सेफ्टी रेझर पाहावा: मूठ एकदाच घ्यावयाची, दुधारी पाते थोडक्या रुपयांत बदलावयाचे, आणि पेचाची फिरकी सोडली की सारा गाळ तांब्याभर पाण्यात निघतो.