भिंगरीला काम हवंय!

रील्सवर त्याला बघून तुम्हीही ‘ऑऽऽ’ केलं असेलच. काळा-पांढरा झुपकेदार कोट, एक कान उभा, दुसरा अर्धा मुडपलेला, हवेत झेप घेऊन फ्रिस्बी पकडायची ती स्टाइल! नाव बॉर्डर कॉली. मग ऑफिसात लंच टाइमला कुणीतरी डबा उघडता उघडता म्हणतंच, ‘यार, असला एक आपल्याकडे पाहिजे!’ आमच्याकडे असली एक आहे, हे सगळ्यांना माहीत असल्यानं पुढचा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो, ‘घेऊ का गं?’ तर मंडळी, एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकते.

आमच्या बाईसाहेबांचं नाव भिंगरी. नाव का ठेवलं, ते तिला दोन मिनिटं बघितलंत की कळेल. पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेत ती आली तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि आमचं घर तिचं दुसरं घर होतं. पहिल्या घरातली माणसं चांगली होती. नवरा-बायको नोकरीवाले, पदरात दोन लहान मुलं. मुलं हॉलमध्ये पळायला लागली की भिंगरी त्यांच्याभोवती गोल फिरायची, टाचांना हलकेच दात लावायची आणि दोघांना सोफ्याच्या कोपऱ्यात आणून उभं करायची. तिसऱ्यांदा मूल रडलं आणि तिच्यावर शिक्का बसला – चावरी! असा शिक्का बसलेल्या कुत्र्याला सहसा कुणी घर देत नाही. गावाकडच्या एखाद्या फार्महाउसवर साखळीला बांधून आयुष्य काढायचं, एवढाच रस्ता तिच्यापुढे उरला होता.

गंमत म्हणजे ती चावरी नव्हतीच. ती ड्यूटी करत होती. मेंढ्या नव्हत्या, म्हणून मुलं गोळा करत होती, इतकंच!

खानदानच तसलं!

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचा डोंगराळ भाग हे यांचं माहेर. नावातलं ‘बॉर्डर’ तिथलंच. आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष म्हणजे ‘ओल्ड हेम्प’. १८९३मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला. न भुंकता, नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवण्यासाठी तो प्रसिद्ध होता. १९०६मध्ये मेंढपाळी कुत्र्यांसाठी ‘इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी’ स्थापन झाली. पण ब्रिटनच्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली ती थेट १९७६मध्ये. म्हणजे किती तरी पिढ्या या कुत्र्यांची निवड दिसण्यावर झालीच नाही. झाली ती कामावर.

आता यातला खरा फंडा ऐका. शिकारी प्राणी आधी नजर रोखतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. माणसानं या कुत्र्यात पहिल्या तीन पायऱ्या ठासून भरल्या आणि शेवटच्या दोन दाबून टाकल्या. त्यामुळे जे जे हलतं, त्याच्यावर भिंगरीची नजर खिळते. स्कूटर, सायकल, लिफ्टचं दार, पंख्याची सावली, अगदी समोरच्या काकूंचा झाडूसुद्धा! रस्त्यावर हाच स्वभाव जिवावर बेतू शकतो. बसच्या चाकाला वळवायला निघालेला बॉर्डर कॉली हा जोक नाही. म्हणूनच रस्त्यावर दोरी हातातून सुटता कामा नये. नो एक्सक्यूज.

डोकंही तसंच तल्लख. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामध्ये ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला तिचे मालक, मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी एक हजारावर वस्तूंची नावं शिकवली होती. हे वाचून आपण ‘वॉव’ म्हणतो. पण असलं डोकं दिवसभर फ्लॅटमध्ये रिकामं ठेवलं तर? ते स्वतःच काम शोधतं. कुशन उसवणं हे काम, शेपटीमागे तासभर गोल फिरणं हेही काम.

‘ह्ये काय काम करतंय?’

एकदा शहराबाहेर हायवेलगत धनगरांचा वाडा उतरला होता. आम्ही लांबच गाडी थांबवली. शेकडो मेंढ्या दिसताच भिंगरी, जी कधी शाळेत गेली नाही की जिनं कधी मेंढी पाहिली नाही, ती जमिनीलगत दबली. एक पाय वर, नजर स्थिर. अंगावर काटा आला माझ्या. मी दोरी आणखी घट्ट धरली.

त्यांची कुत्री मात्र निवांत पडून होती. आपल्या धनगरांचं कुत्रं मेंढ्या हाकत नाही. ते राखण करतं. हाकायचं काम माणसाचं – शीळ, आरोळी आणि हातातली काठी. रात्री लांडगा आला की मग कुत्र्याची पाळी. काम वेगळं, म्हणून स्वभावही वेगळा. भिंगरीकडे बघत तिथल्या आजींनी विचारलं, “ह्ये काय काम करतंय?”

“काही नाही, घरीच असते,” मी म्हणाले.

“मग येडं व्हईल की गं,” आजी सहज म्हणाल्या.

इतका नेमका सल्ला मला कुठल्याच पुस्तकात मिळालेला नाही.

आमचं टाइमटेबल

पहाटे पावणेसहाला टेकडी. तासभर, ऊन तापायच्या आत. दुहेरी कोटाच्या या थंड प्रदेशातल्या पाहुणीला आपला एप्रिल-मे झेपत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेवता येत नसेल, तर फिरणं कॅन्सल! आणि उन्हाळ्यात हौसेनं कोट भादरून टाकू नका, तो उन्हापासूनही वाचवतो.

नाश्ता वाटीत मिळत नाही, शोधावा लागतो. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, खोक्यात, दाराआड. वीस मिनिटं नाक चालवलं की बाईसाहेब गार! संध्याकाळी पुन्हा पाऊण तास, त्यात दहा मिनिटं नवं काहीतरी शिकणं. आम्ही दोघांनी वर्क फ्रॉम होमचे दिवस वेगवेगळे मागून घेतलेत. उरलेल्या दिवशी दुपारी एक मुलगा येऊन तिला फिरवून आणतो. त्याचा पगार हा आमच्या बजेटमधला ईएमआयसारखाच न चुकणारा खर्च.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं पळवून ती दमत नाही. रोज तास वाढवत गेलात तर तुमच्या घरी तयार होतो एक ऑलिम्पिक अ‍ॅथलीट, ज्याला उद्या आणखी पळायचंय! शिकवावं लागतं ते थांबायला. स्कॉटिश मेंढपाळ काम संपलं की कुत्र्याला ‘दॅट’ल डू’ म्हणतात. आमच्याकडे ‘पुरे आता’. हा शब्द आला की चटईवर जायचं, पाय पसरायचे. हे जमायला चार महिने लागले. पण त्यानंतरच समोरच्या काकूंची नात आमच्याकडे खेळायला यायला लागली. अर्थात, आमच्यापैकी कुणीतरी समोर असतानाच.

व्हेटकडे दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली, गोचिड्या. त्यांच्यामुळे होणारा टिक फीवर आपल्याकडे नेहमीचा आहे. दुसरी, कॉली घराण्यात एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं मोठ्या डोसमध्ये घातक ठरू शकतात. बॉर्डर कॉलीत हा दोष कमी आढळतो, पण केमिस्टच्या सल्ल्यानं परस्पर औषध नकोच.

मग, घेऊ का गं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. रोज दोन तास, पावसात आणि अप्रेझलच्या आठवड्यातसुद्धा, देता येतील? पुढची बारा ते पंधरा वर्षं, म्हणजे लग्न, बाळ, बदली, ऑनसाइट सगळं धरून? आणि घरातल्या प्रत्येकाचा होकार आहे?

एकाही उत्तरात ‘बघू’ असेल, तर सरळ नाही म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या हवेत रुळलेलं, तुमच्या वेळेला जुळवून घेणारं एखादं देशी कुत्रं शेल्टरमध्ये तुमची वाट बघत असेल. आणि तिन्ही उत्तरं ठाम ‘हो’ असतील, तर पिल्लाच्या मागे लागण्याआधी दुसरं घर शोधणारा एखादा मोठा कुत्रा बघा. ‘चावरा’ म्हणून सोडलेला असेल, तर एखाद्या चांगल्या ट्रेनरला सोबत घेऊन जा आणि एवढंच तपासा – तो खरंच चावतोय, की नुसतं काम मागतोय?