पुरुषांच्या घशाचा कर्करोग आणि एक विषाणू

कर्करोग हा शब्द नुसता कानावर पडला तरी काळजात धस्स होते. घशाचा कर्करोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट आणि दारू येते. ते खरेच आहे. आपल्या देशात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाला आजही मुख्यतः हीच व्यसने जबाबदार आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी व्यसन संपलेले नाही. परंतु ज्याने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही, अशा माणसालाही घशाचा कर्करोग होऊ शकतो. त्यामागे एक विषाणू असू शकतो. समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थ्यांना त्याची ओळख व्हावी, हाच या लेखाचा हेतू.

हा विषाणू कोणता?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हे त्याचे नाव. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे अंगावर साधी चामखीळ येते, तर काही कर्करोगास कारण ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात १६ व १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. या कार्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १६ क्रमांकाचा प्रकार घशाच्या कर्करोगातही आढळला. अमेरिकेत २०१५ साली या विषाणूशी संबंध असलेल्या घशाच्या कर्करोगाचे सुमारे १५,५०० पुरुष रुग्ण नोंदले गेले, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण सुमारे ११,८०० होते. म्हणजे हा विषाणू केवळ स्त्रियांचा प्रश्न आहे, हा समज चुकीचा आहे.

तो शरीरात कसा शिरतो?

हा विषय संकोचाचा असला तरी तो स्पष्ट सांगितला पाहिजे. घशात हा विषाणू प्रामुख्याने मुखावाटे होणाऱ्या लैंगिक संबंधातून पोहोचतो. एका ताटात जेवल्याने किंवा रुग्णाजवळ बसल्याने हा कर्करोग होत नाही. बहुतेकांच्या शरीरातून विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र तो टॉन्सिलच्या खोल खाचांत किंवा जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो. पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारी प्रथिने तो निकामी करतो. मग पेशी बेसुमार वाढू लागतात. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत वीस-तीस वर्षेही जाऊ शकतात. म्हणूनच आजाराचे निदान झाले की कोणी कोणाच्या चारित्र्यावर संशय घेऊ नये. विषाणू कधी व कोणाकडून आला, हे सांगता येत नाही.

कोणती लक्षणे दिसतात?

मानेत न दुखणारी गाठ हे पुष्कळदा पहिले लक्षण असते. दुखत नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने तिच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि तिथेच घात होतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ घसा दुखणे, गिळताना त्रास, एकाच कानात ठणका, आवाजात बदल, थुंकीतून रक्त ही लक्षणेही गंभीर मानावीत. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गाठीतील पेशी व तुकडा तपासूनच खरे निदान होते. स्त्रियांच्या गर्भाशयमुखासाठी जशी आगाऊ तपासणी आहे, तशी घशासाठी मान्य चाचणी अद्याप नाही. म्हणून लक्षणांकडे लक्ष ठेवणे हाच मार्ग उरतो.

एक दिलासाही आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विषाणूमुळे कर्करोग झालेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणूचा संबंध नसलेल्या रुग्णांत हेच प्रमाण ५७ टक्के होते. मात्र धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत हा फायदा कमी होतो.

प्रतिबंध कसा करावा?

या विषाणूवर लस आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाह्य कवचातील प्रथिन असते. झालेला संसर्ग वा कर्करोग ती बरा करीत नाही. म्हणून वयात येण्याच्या सुमारास घेतलेली लस अधिक उपयोगी. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून व ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही ही लस देण्यास सुरुवात केली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. ९ ते २६ वयाच्या मुलींप्रमाणेच मुलग्यांनाही ती देता येते. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा व त्यानंतर तीन मात्रा दिल्या जातात. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय घ्यावा. त्याबरोबरच तंबाखू व दारूपासून दूर राहणे आणि संबंधांत जबाबदारीने वागणे हेही तितकेच महत्त्वाचे.

घरचा कर्ता पुरुष स्वतःचे दुखणे अंगावर काढतो. डॉक्टरांकडे जातो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो आणि साऱ्या कुटुंबाची घडी विस्कटते. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून झाल्यावर आपल्या वडिलांना, काकांना, मामांना एवढेच विचारा : घसा बरा आहे ना? मानेत गाठ तर नाही ना? ते लाजतील, कदाचित रागावतीलही. तरीही विचारा.