जाळे वाढवण्याचे शास्त्र

कार्यालयात, महाविद्यालयात किंवा रुग्णालयात संगणक जोडणाऱ्या स्थानिक जाळ्याला ‘लॅन’ म्हणतात. त्यातील ईथरनेटच्या तांब्याच्या केबलला मर्यादा आहे. तिची सलग लांबी 100 मीटरपर्यंतच ठेवायची असते. त्यापुढे संकेत क्षीण होतो आणि चुका वाढतात.

आवारातल्या दूरच्या इमारतीपर्यंत जाळे न्यायचे असेल, तर एक्स्टेंडर उपयोगी पडतो. त्याची जोडी असते. दोन टोकांना एकेक बसवला की मधल्या अंतरात टेलिफोनची जुनी तारही चालते. मात्र अंतर वाढते तसा वेग घटतो. वेग टिकवायचा असेल, तर ऑप्टिकल फायबर टाकणे श्रेयस्कर.

ब्रिजचे काम वेगळे. तो जाळ्याचे दोन भाग जोडतो. कोणता संगणक कोणत्या बाजूला आहे, हे संदेशांवरचे पत्ते पाहून तो स्वतःच शिकतो आणि पलीकडचाच संदेश पलीकडे सोडतो. आजचा स्विच म्हणजे अनेक तोंडांचा ब्रिजच. पत्ता अनोळखी असेल किंवा संदेश सर्वांसाठी असेल, तर तो सगळीकडे पाठवला जातो. धोका इथेच आहे. दोन स्विचमध्ये चुकून दोन वाटा झाल्या, तर असा संदेश गोल फिरतच राहतो. त्याला थांबवणारी मोजणी ईथरनेटमध्ये नाही. काही क्षणांत जाळे ठप्प होते.

यावर रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. तिच्यामुळे ब्रिज आपसांत बोलून जादा वाटा बंद ठेवतात आणि चालू वाट तुटली तरच त्या उघडतात.

पण या पद्धतीलाही मर्यादा आहेत. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस रुग्णालयाचे जाळे तुकडे जोडत वाढले होते. काही ठिकाणी साखळी शिफारशीतल्या सात टप्प्यांपलीकडे गेली होती. नोव्हेंबर 2002 मध्ये माहितीचा मोठा लोंढा आला आणि स्पॅनिंग ट्रीची घडी विस्कटली. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. चाचण्यांचे अहवाल माणसांनी हातोहात पोहोचवले. नंतर राउटर वापरून जाळ्याची नव्याने विभागणी करावी लागली.

म्हणून नवा स्विच जोडण्याआधी जाळ्याचा नकाशा कागदावर काढावा, स्पॅनिंग ट्री चालू आहे का ते पाहावे आणि जाळे फार मोठे झाले असेल, तर राउटरने त्याचे भाग पाडावेत. एका भागातला बिघाड मग त्याच भागात राहतो.