पावसाळी फुटबॉल : हंगाम पार कसा पाडावा?

जून लागला की आपल्या वस्त्यांतील बॅटी माळ्यावर जातात आणि फुटबॉल बाहेर निघतो. एका चेंडूवर बावीस मुले खेळतात, असा हा कमी खर्चाचा खेळ. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिले. त्यातूनच २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. पुढे २०२२ मध्ये 'झुंड' चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. तेव्हा पाऊस हा या खेळाचा शत्रू नव्हे. मात्र आठ-दहा संघांचा हंगाम चालवायचा म्हटले की नुसती हौस पुरत नाही.

आमचा अनुभव असा की, हंगाम पावसाने मोडत नाही, तो उशिरा घेतलेल्या निर्णयाने मोडतो. आपली निम्मी मुले रोजंदारीवर जातात. कामावर खाडा करून मैदानावर आलेल्या मुलाला "आज सामना नाही" असे सांगितले, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून दोन जबाबदार कार्यकर्त्यांनी सकाळी सहा वाजताच मैदान पाहावे आणि निर्णय मोबाईलवर व नाक्यावरच्या फळ्यावर लगेच कळवावा.

मैदान पाहायचे म्हणजे काय? खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. तो उसळला नाही, किंवा ढकललेला चेंडू पाण्यात जागीच थांबला, तर सामना पुढे ढकला. ३ जुलै १९७४ रोजी विश्वचषकात पश्चिम जर्मनी व पोलंड यांचा सामना होता. फ्रँकफुर्टचे मैदान पाण्याने भरले, तेव्हा अग्निशमन दलाने पंप लावून पाणी काढले आणि सामना उशिरा सुरू झाला. आपल्याकडे पंप नाही. आपल्या हाती बादल्या, पोती आणि कडेने खणलेले चर आहेत. ओल्या जमिनीवर रोलर फिरवू नये. माती दबते आणि पाणी मुरत नाही. रेषांसाठी चुना वापरू नये. ओल्या अंगाला व डोळ्यांना तो भाजतो. खडूची भुकटी चालते.

आता मुख्य मुद्दा नियमांचा. पंचाने अर्धवट थांबवलेला सामना पुन्हा खेळवावा, स्पर्धेच्या नियमांत वेगळी तरतूद असेल तर ती पाळावी, असे खेळाचे नियम सांगतात. म्हणजे तरतूद आपणच करायची आहे आणि तीही पाऊस पडण्यापूर्वी. आम्ही दोन-तीन रविवार राखीव ठेवतो. वस्तीत पाणी शिरल्यामुळे संघ येऊ शकला नाही, तर समोरच्याला फुकटचे गुण मिळत नाहीत, सामना पुन्हा होतो, अशी अट जूनच्या बैठकीत लिहून सर्व संघांच्या सह्या घेतो.

गेल्या हंगामात या अटीची कसोटी लागली. नाल्याकाठच्या वस्तीत रात्री पाणी शिरले आणि तिथली मुले धान्याचे डबे उचलण्यात गुंतली. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकांनी "नियम सर्वांना सारखा" म्हणत तीन गुण मागितले. नियम सारखाच हवा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु टेकडीवरची वस्ती आणि नाल्याकाठची वस्ती यांवर पाऊस सारखा पडत असला, तरी पाणी सारखे साचत नाही. सह्यांचा कागद पुढे ठेवताच वाद मिटला. सामना दोन रविवार उशिरा झाला आणि ज्यांनी गुण मागितले होते तोच संघ जिंकला. मात्र हरलेली मुले रडत घरी गेली नाहीत, कारण ती मैदानावर हरली होती.

जिवाच्या बाबतीत तडजोड नको. गडगडाट ऐकू येताच खेळ थांबवावा. झाडाखाली न थांबता समाजमंदिरासारख्या पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो जखमेवाटे शरीरात शिरतो. म्हणून पायाला जखम असलेल्या मुलास साचलेल्या पाण्यात उतरवू नये. खेळानंतर स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुवावेत. पुढे ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे व मूल चिखलात खेळले होते हे आवर्जून सांगावे.

चिखलाचे कपडे शेवटी घरातील माउलीच धुते. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, खेळणाऱ्याने आपले कपडे आपणच धुवावेत, हा नियमही घरात लावा. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, चेंडू, पट्ट्या, मलमपट्टी यांचा पैन्पैचा हिशेब फळ्यावर लावा. हिशेब आणि नियम दोन्ही उघड असले, म्हणजे कितीही पाऊस पडो, हंगाम शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचतो.