चुंबकाने वळणारा कॅथेटर

मामांच्या हृदयाच्या अ‍ॅब्लेशनचं (ठोके बिघडवणारा भाग निकामी करण्याचं) ठरलं, तेव्हा मामींनी विचारलं, "मांडीतून घातलेली नळी हृदयात हवी तिकडे वळते कशी?" मी वैद्यकीय उपकरणांत काम करतो, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

बहुतेक ठिकाणी डॉक्टर हातानेच वळवतात. या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, आतली तार मुठीकडून ओढली की टोक वाकतं. मामांचंही तसंच होणार आहे.

दुसरी पद्धत चुंबकाची. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या स्टिरिओटॅक्सिस कंपनीची यंत्रणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मोठे कायमचुंबक आणि कॅथेटरच्या टोकात इवलेसे चुंबक.

गंमत अशी की, बाहेरचा चुंबक टोकाला ओढत नाही, फक्त दिशा देतो, होकायंत्राच्या सुईसारखी. पुढे-मागे सरकवायला वेगळी मोटर. चुंबकीय क्षेत्र साधारण ०.१ टेस्ला, एमआरआयचं सहसा १.५.

नळी मऊ ठेवता येते, त्यामुळे हृदयाची भिंत भोसकली जायची भीती कमी. डॉक्टर शेजारच्या खोलीत माऊस धरून बसतात, म्हणजे एक्स-रे आणि जड शिशाचा एप्रन दोन्ही टळतात.

खर्च मात्र दणदणीत. माझ्या मते अवघड जागेच्या केसेसनाच ही खरी उपयोगी.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा. उपचाराचा सल्ला मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या.